विश्लेषण : कुपोषित बालकाच्या पोटातले जीवाणूही उपाशी असतात?

अंगणवाडीतून आहार मिळतो आहे, घरीही मूल खाते आहे, तरी वजनकाट्यावरचा आकडा महिनोन्‌महिने तिथेच. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि आयांचा हा जुना अनुभव आहे. ‘खाल्लेले अंगी लागत नाही’ असे आपण त्याला म्हणतो. अन्न अंगी का लागत नाही, याचे एक उत्तर गेल्या दशकभरात शास्त्रज्ञांना आतड्यातल्या जीवाणूंमध्ये सापडले आहे. त्या उत्तरातून बांगलादेशात जो आहार तयार झाला, त्यात हरभरा, सोयाबीन, शेंगदाणे आणि कच्ची केळी आहेत. बुलढाणा-जळगाव पट्ट्याला यातले काहीच नवे नाही. मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेसारख्या गावातल्या अंगणवाडीसाठी या संशोधनाचा अर्थ काय, आणि त्यातले किती पक्के आहे?

प्रश्न किती मोठा आहे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी, ३६.१ टक्के कमी वजनाची आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश आहेत. कृश बालकांचे देशातले प्रमाण १९.३ टक्के. म्हणजे आर्थिकदृष्ट्या पुढारलेले राज्य या एका मापावर देशाच्या मागे आहे.

यातली अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की, आधीच्या फेरीतही (२०१५-१६) राज्यातला कृश बालकांचा आकडा नेमका २५.६ टक्केच होता. तीव्र कृश बालकांचे प्रमाण तर ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेले. मधल्या काळात योजना होत्या, आहारवाटप होते, पोषण अभियानही होते. तरी काटा हलला नाही. गरिबी, आईचे कुपोषण, कमी वयातली लग्ने, कमी वजनाचे जन्म ही कारणे आहेतच. पण पोटात गेलेल्या अन्नाचे पुढे काय होते, हाही प्रश्न आता त्यांच्या जोडीला आला आहे.

आतड्यातले जीवाणू नेमके करतात काय?

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात. शरीराच्या स्वतःच्या पेशी जवळपास ३० लाख कोटी. या साऱ्या जीवाणूंचे वजन मात्र पाव किलोच्या आतच भरते आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात.

डाळी, कडधान्ये, ज्वारी-बाजरी, भाज्या यांतला तंतुमय भाग पचवणारी विकरे माणसाकडे फारशी नाहीत, ती या जीवाणूंकडे आहेत. ते तंतू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी लहान आम्ले तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपली बरीचशी ऊर्जा या ब्युटिरेटमधून घेतात. याशिवाय हे जीवाणू काही जीवनसत्त्वे बनवतात, रोगजंतूंना जागा मिळू देत नाहीत आणि रोगप्रतिकारशक्तीला शत्रू कोण, आपला कोण हे ओळखायला शिकवतात.

ही वस्ती जन्मापासून हळूहळू बसते. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. त्या ‘बिफिडोबॅक्टेरियम’ गटातील जीवाणूंचे अन्न असतात. म्हणजे आईचे दूध बाळाला आणि त्याच्या जीवाणूंना एकाच वेळी पोसते. वरचे अन्न सुरू झाले की वस्तीतले रहिवासी बदलतात आणि दोन-तीन वर्षांत ती मोठ्या माणसासारखी होते. बाळाची वाढ सर्वांत वेगाने होते तोही हाच काळ.

कुपोषणाशी संबंध कसा जोडला गेला?

अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले जेफ्री गॉर्डन आणि ढाक्यातील आयसीडीडीआर,बी या संस्थेचे तहमीद अहमद यांच्या गटांनी हे काम पुढे नेले. ढाक्याची ही संस्था आपल्याला एका वेगळ्या कारणाने माहीत असायला हवी. ‘कॉलरा रिसर्च लॅबोरेटरी’ या तिच्या जुन्या नावाने ती चालत होती, तेव्हा १९६८ मध्ये मीठ-साखर-पाण्याच्या द्रावणाने पटकीचा रुग्ण सावरू शकतो, हे तिथल्या डॉक्टरांनी दाखवले होते. आज घराघरात असलेल्या ओआरएसच्या पाकिटाची ती सुरुवात.

२०१४ मध्ये या गटाने ‘नेचर’ नियतकालिकात एक निरीक्षण मांडले. निरोगी बांगलादेशी बालकांच्या आतड्यात कोणत्या वयाला कोणते जीवाणू असतात, याचा त्यांनी आधी आलेख तयार केला. तीव्र कुपोषित बालकांचे नमुने त्या आलेखाशी ताडून पाहिले, तेव्हा या मुलांच्या आतड्यातली वस्ती त्यांच्या वयाच्या मानाने ‘लहान’ निघाली. वय दीड वर्षाचे, जीवाणू मात्र त्याहून बऱ्याच लहान बाळाचे. उपचाराच्या आहाराने ती थोडी सुधारली, पण आहार थांबल्यावर पुन्हा मागे पडली.

पण जीवाणू मागे पडले म्हणून वाढ खुंटली, की वाढ खुंटली म्हणून जीवाणू मागे पडले? याचा उलगडा करण्यासाठी २०१६ मध्ये जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांवर प्रयोग झाला. काही उंदरांना मालावी देशातील निरोगी मुलांचे, तर काहींना कुपोषित मुलांचे जीवाणू दिले. खाणे दोन्हीकडे सारखेच होते. तरी कुपोषित मुलांचे जीवाणू मिळालेले उंदीर कमी वाढले. जीवाणू हे वाढ खुंटण्याचे निदान एक कारण असू शकते, असा हा पुरावा होता.

ढाक्यातल्या चाचणीत काय आढळले?

पुढचा प्रश्न व्यवहाराचा होता. मागे पडलेल्या जीवाणूंना वाढवणारे, स्वस्त आणि स्थानिक अन्न कोणते? प्राण्यांवर अनेक पदार्थ तपासून झाल्यावर एक मिश्रण ठरले : हरभऱ्याचे पीठ, सोयाबीनचे पीठ, शेंगदाणे, कच्च्या केळ्याचा गर, थोडी साखर, तेल, जीवनसत्त्वे आणि खनिजे.

ढाक्याच्या मीरपूर वस्तीत १२ ते १८ महिन्यांच्या मध्यम कुपोषित बालकांवर त्याची चाचणी झाली. निम्म्या मुलांना हे मिश्रण, तर निम्म्यांना तांदूळ, मसूर आणि दूधभुकटीचा प्रचलित पूरक आहार तीन महिने दिला गेला. ११८ मुलांनी चाचणी पूर्ण केली. २०२१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष आले. नव्या मिश्रणात उष्मांक कमी असूनही त्या गटात उंचीच्या मानाने वजन वाढण्याचा वेग जवळपास दुप्पट होता. रक्तातील हाडांच्या आणि मेंदूच्या वाढीशी निगडित काही प्रथिनांतही अनुकूल बदल दिसले. आतड्यातले २१ प्रकारचे जीवाणू या वाढीशी जोडलेले आढळले.

ही बाब महत्त्वाची आहे, कारण आपल्याकडे पूरक आहार अनेक वर्षे प्रामुख्याने उष्मांक आणि प्रथिनांच्या ग्रॅमवर मोजला गेला. इथे कमी उष्मांकाचा आहार जास्त उष्मांकाच्या आहारापेक्षा सरस ठरला.

भारतीयांचे आतडे वेगळे आहे का?

बऱ्याच अंशी हो. या विषयावरील जगातले बहुतांश संशोधन अमेरिका, युरोप आणि चीनमधल्या माणसांवर झाले आहे. भारतात त्याची पायाभरणी करण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील योगेश शौचे यांच्या गटाने २०१२ मध्ये एकाच छताखाली राहणाऱ्या तीन पिढ्यांच्या एकत्र कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकत्र कुटुंबात अन्न, पाणी, घर सारखे असते. त्यामुळे वयानुसार होणारा बदल वेगळा काढता येतो, ही त्यामागची कल्पना. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांसोबत मिळालेल्या एका नव्या जीवाणूचे नाव ‘मेगास्फेरा इंडिका’ असे ठेवले गेले.

२०१६ मध्ये शौचे यांच्या गटाने भारतीय आणि इतर देशांतल्या नमुन्यांची तुलना केली. भारतीयांच्या आतड्यात ‘प्रिव्होटेला’ आणि ‘मेगास्फेरा’ या गटांचे प्रमाण जास्त आढळले. २०१९ मध्ये भोपाळच्या आयसर संस्थेने ११० निरोगी भारतीयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्या मध्य भारतातील लोकांत प्रिव्होटेलाचे वर्चस्व दिसले, तर मिश्राहारी केरळात चित्र वेगळे होते. धान्य, डाळी आणि भाज्यांतले तंतू फोडणे ही प्रिव्होटेलाची खासियत.

ढाक्याचा धागा इथे येऊन जुळतो. तिथल्या मुलांची वाढ कोणत्या जीवाणूंमुळे झाली, याचा पुढचा शोध २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. प्रिव्होटेला गटातल्याच एका प्रजातीचे काही विशिष्ट वाण त्या मिश्रणातील तंतुमय शर्करा फोडत होते आणि त्यांचा वजनवाढीशी संबंध दिसत होता. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि पिठले खाणाऱ्या समाजाच्या आतड्यात ज्या जीवाणूंचे घराणे आधीच नांदते, त्याच घराण्यातले हे सदस्य.

मात्र यावरून ‘प्रिव्होटेला चांगला’ असा शिक्का मारता येत नाही. २०१३ मध्ये न्यूयॉर्कमधील एका अभ्यासात नव्याने संधिवात झालेल्या रुग्णांत याच प्रजातीचे प्रमाण जास्त आढळले होते. वाण कोणता, आहार कोणता, यावर परिणाम बदलतो.

मग हे मिश्रण घरीच करून द्यावे का?

उपचार म्हणून नाही. एक तर ही चाचणी एका शहरी वस्तीतल्या जेमतेम सव्वाशे मुलांवरची होती. तीन महिन्यांत उंचीत ठळक फरक दिसला नव्हता. मिश्रणातले घटक ओळखीचे असले, तरी त्यांचे प्रमाण आणि त्यात मिसळलेली खनिजे ठरलेली होती. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारे घटक असतात. नीट उष्णता दिल्याशिवाय ते पीठ लहान मुलाला देणे योग्य नाही.

दुसरे, मध्यम कुपोषण आणि तीव्र कुपोषण या वेगळ्या गोष्टी आहेत. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, पायांवर सूज असेल किंवा मूल खायलाच मागत नसेल, तर घरगुती उपायात दिवस घालवणे जिवावर बेतू शकते. अशा मुलाला ग्राम बालविकास केंद्र किंवा पोषण पुनर्वसन केंद्रातले ठरलेले उपचारच हवेत.

निरोगी मुलासाठीचा बोध मात्र साधा आहे. सहा महिने फक्त आईचे दूध. त्यानंतर दुधासोबत मऊ शिजवलेले धान्य, डाळ, भाजी, फळ आणि घरात चालत असेल तर अंडे. देशात ६ ते २३ महिन्यांच्या बालकांपैकी सुमारे ११ टक्क्यांनाच किमान पुरेसा आहार मिळतो, असे पाचव्या फेरीतील सर्वेक्षण सांगते. नुसत्या भाताची पेज, चहात बुडवलेली बिस्किटे आणि पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटे यांनी पोट भरते. पण मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचेल असे त्यात जवळपास काही नसते.

शौचालय आणि पाण्याचा संबंध काय?

घाणीतून सतत पोटात जाणाऱ्या जंतूंमुळे लहान आतड्याचे अस्तर सुजते आणि अन्न शोषून घेणारे त्याचे बोटांसारखे उंचवटे खुरटतात. जुलाब दिसत नसतानाही हे चालू राहू शकते. अशा आतड्यात चांगले अन्नही पुरते शोषले जात नाही.

मग शौचालये बांधली की मुले वाढतील? पुरावा दोन्ही बाजूंचा आहे. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात २००४ च्या सुमारास गावांमध्ये संपूर्ण स्वच्छता मोहिमेचा प्रयोग झाला. तिथे मुलांच्या उंचीत मोजता येण्याजोगा फायदा दिसला. उलट, बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेतील २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत शौचालय, पाणी शुद्ध करण्याची सोय आणि हात धुण्याचा प्रचार यांनी उंचीत फरक पडला नाही. घरापुरती अर्धीमुर्धी सोय पुरत नाही, सगळ्या गावाचे आवार, पाणी आणि जनावरांची घाण यांचा एकत्र विचार करावा लागतो, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

प्रतिजैविके किती धोक्याची?

जीवाणू मारणारी औषधे चांगले-वाईट असा भेद करत नाहीत. लहानपणी वारंवार दिलेल्या प्रतिजैविकांनी आतड्यातली वस्ती विस्कळीत होते, शिवाय औषधांना न जुमानणारे जंतू वाढतात. मुलाच्या साध्या जुलाबात ओआरएस आणि १४ दिवस झिंक हा मुख्य उपचार आहे. प्रतिजैविक लागते ते रक्ताची आव, पटकी अशा मोजक्या स्थितींत. ‘लवकर बरे वाटेल असे काही द्या’ या आग्रहापायी औषधाच्या दुकानातून घेतलेली गोळी बहुतेक वेळा गरजेची नसते.

पण याचेही दुसरे टोक गाठू नये. मालावीत तीव्र कुपोषित २,७६७ बालकांवर झालेल्या चाचणीत आहारासोबत अमॉक्सिसिलिन दिलेल्या गटात मृत्यू कमी झाले. २०१३ मधील त्या चाचणीत औषधाविना ७.४ टक्के, तर औषधासह ४.८ टक्के बालके दगावली. जीव वाचवणारे प्रतिजैविक ‘जीवाणू मरतील’ म्हणून नाकारणे हा अर्थाचा अनर्थ होईल.

प्रोबायोटिक पुड्या आणि ‘आतड्याची तपासणी’ घ्यावी का?

या विषयाभोवती मोठी बाजारपेठ उभी राहिली आहे. मधुमेह, स्थूलपणा, नैराश्य, कंपवात अशा अनेक आजारांचा आतड्यातील जीवाणूंशी संबंध दिसला आहे. पण यातले बरेचसे निष्कर्ष ‘एकत्र आढळते’ इतपतच आहेत. जीवाणू बदलून आजार बरा होतो, हे सर्वांत भक्कमपणे सिद्ध झाले आहे ते एका आजारात. प्रतिजैविकांनंतर होणाऱ्या ‘क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल’च्या वारंवार उलटणाऱ्या जुलाबात निरोगी व्यक्तीच्या मलातील जीवाणू दिले जातात. २०१३ च्या चाचणीत एकाच वेळच्या प्रत्यारोपणाने ८१ टक्के रुग्ण बरे झाले, तर नेहमीच्या औषधाने ३१ टक्के. अमेरिकेने २०२२ आणि २०२३ मध्ये अशा दोन औषधांना मान्यता दिली.

प्रोबायोटिकचे यश त्यातल्या वाणावर आणि ते कोणाला दिले यावर अवलंबून असते. ओडिशाच्या खेड्यांत ४,५५६ नवजात बाळांना आठवडाभर एका विशिष्ट वाणाची मात्रा तंतुमय शर्करेसह दिली, तेव्हा जंतुसंसर्ग आणि मृत्यूचे एकत्रित प्रमाण ९ वरून ५.४ टक्क्यांवर आले. २०१७ मधला हा निष्कर्ष मोठा होता. पुढच्याच वर्षी अमेरिका आणि कॅनडातील दोन चाचण्यांत जुलाब झालेल्या मुलांना दुसरी प्रोबायोटिके दिली, तेव्हा काहीच फायदा झाला नाही. त्यामुळे ‘कोट्यवधी चांगले जीवाणू’ असे छापलेली कोणतीही पुडी चालेल, हे खरे नाही.

शौचाचा नमुना पाठवून ‘तुमचे आतडे किती गुणांचे’ हे सांगणाऱ्या तपासण्यांचेही तेच. निरोगी आतड्याची सर्वमान्य मोजपट्टी अजून ठरलेली नाही. भारतीयांसाठी तर नाहीच. त्या पैशांत घरात महिनाभराची डाळ आणि भाजी येईल.

अंगणवाडीच्या पाकिटाचे काय?

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या २०२३ मध्ये बदलले जाण्यापूर्वीच्या निकषांनुसार सहा महिने ते सहा वर्षांच्या बालकाला दररोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, तर कुपोषित बालकाला ८०० उष्मांक आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने मिळणे अपेक्षित होते. पूरक आहार मिळणे हा हक्क आहे आणि तो पुरता मिळणे ही पहिली गरज. पण निविदा, पुरवठा आणि तपासणी या साऱ्यांचा भर आकड्यांवर राहिला, तर ते आकडे साखर, तेल आणि पिठावरही भरून निघतात. मुलाच्या अंगी काय लागले, हे त्यातून कळत नाही.

राज्याकडे वेगळ्या वाटेचा अनुभव आहे. आदिवासी भागांत २०१५ पासून चालणाऱ्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना गरम जेवण, तर मुलांना अंडी किंवा केळी दिली जातात. कारखान्यातल्या पाकिटाऐवजी गावात शिजलेले किंवा गावात मिळणारे अन्न देता येते, हे त्यातून दिसले आहे.

बुलढाण्याच्या शेतात सोयाबीन, हरभरा आणि तूर पिकते, शेजारचा जळगाव केळीसाठी देशभर ओळखला जातो. जीवाणूंचा अभ्यास करणाऱ्या संस्था पुण्यात आहेत. धामणगाव बढे किंवा मेळघाटातल्या मुलांना स्थानिक धान्य-कडधान्यांचा कोणता आहार अंगी लागतो, याची रीतसर चाचणी इथेच होऊ शकते. त्यासाठी प्रत्येक मुलाचा मल तपासण्याची गरज नाही. दोन-तीन पाककृती निवडायच्या, वेगवेगळ्या अंगणवाड्यांत त्या काही महिने द्यायच्या आणि प्रत्येक मुलाचे वजन, उंची व दंडाचा घेर प्रामाणिकपणे नोंदवायचा. वजनकाटे आणि दंडघेराच्या पट्ट्या अंगणवाड्यांत आहेत, नोंदीही दर महिन्याला होतात. पुढच्या आहारपुरवठ्याचे निकष ठरवताना त्या नोंदी वापरायच्या की नाही, हा निर्णय सरकारने घ्यायचा आहे.